गोड्या पाण्याच्या तळाशी सहा हजार जहाजं

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमाभागात पाच मोठी सरोवरं एकमेकांना जोडून पसरली आहेत : सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ऑन्टारिओ. या पाचांच्या तळाशी मिळून सुमारे ६,००० जहाजं पडून असावीत, असा तिथल्या जहाज-संग्रहालयाचा अंदाज आहे. त्यांच्यासोबत गेलेली माणसं ३०,००० च्या घरात. ही माणसं समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, पिण्याजोग्या गोड्या पाण्यात बुडाली. शिकागो, डेट्रॉइट, मिलवॉकी, क्लीव्हलंड, टोरोंटो या काठावरच्या शहरांत आज मराठी घरं आहेत. उन्हाळ्यातल्या रविवारी मुलांना घेऊन या काठांवर गेलं की समोर निळंशार, शांत पाणी दिसतं. त्या पाण्याचा हा दुसरा इतिहास आहे. तो समजून घ्यायला पाणी, वारा, पोलाद आणि व्यापार या चारही गोष्टी थोड्याथोड्या समजून घ्याव्या लागतात.

आधी आकाराचा अंदाज घेऊ. एकटं सुपीरियर ८२,१०० चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून मोठं. पाचही सरोवरं धरली तर सुमारे २,४४,००० चौरस किलोमीटर भरतात. अख्खा महाराष्ट्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटरचा आहे. सुपीरियरची जास्तीत जास्त खोली ४०६ मीटर. जगाच्या पृष्ठभागावरच्या द्रवरूप गोड्या पाण्यापैकी साधारण पाचवा हिस्सा या पाच सरोवरांत साठलेला आहे. मधोमध गेलेल्या जहाजावरून चारही दिशांना फक्त पाणी दिसतं.

आता एवढी जहाजं तिथे गेली कशाला? उत्तर सरळ आहे : रस्ते नव्हते. १८२५ मध्ये ईरी कालवा सुरू झाला आणि न्यूयॉर्कचं बंदर सरोवरांशी जोडलं गेलं. नायगारा धबधब्यामुळे ईरी आणि ऑन्टारिओ यांच्यामधला जलमार्ग अडलेला होता. दोघांच्या पातळीत सुमारे १०० मीटरचा फरक आहे. १८२९ मध्ये वेलंड कालव्यानं ती अडचण दूर केली. १८५५ मध्ये सू सेंट मेरी इथे लॉक बांधली गेली, म्हणजे दोन्ही बाजूंना दरवाजे असलेले हौद. हौदात पाणी भरायचं किंवा सोडायचं, तसं जहाज वर उचललं जातं किंवा खाली उतरतं. या लॉकमुळे सुपीरियरचं पाणी खालच्या सरोवरांना जहाजांसाठी खुलं झालं. मग सुरू झाली ती नुसती रीघ. मिशिगनच्या जंगलांतलं लाकूड, पश्चिमेकडच्या मैदानांतला गहू, मिनेसोटातलं लोखंडाचं खनिज पूर्वेकडे, आणि कोळसा उलट दिशेनं. शिकागो शहर या लाकडातून उभं राहिलं. पुढे अमेरिकेचा पोलाद उद्योग या खनिजावर पोसला गेला.

सगळी वाहतूक ठरावीक वाटांनीच जायची. एका बाजूनं शिडाची जहाजं, दुसऱ्या बाजूनं आगबोटी, त्यात धुकं आणि रात्र. त्यामुळे टकरी फार झाल्या. १८६० च्या सप्टेंबरमध्ये लेडी एल्गिन ही प्रवासी आगबोट मिशिगन सरोवरात लाकूड वाहणारं एक शिडाचं जहाज येऊन धडकल्यानं बुडाली. सुमारे ३०० माणसं गेली. त्यांतली कितीतरी मिलवॉकीच्या एकाच आयरिश वस्तीतली होती. लाकडी आगबोटींना आगी लागत, त्यात आणखी माणसं जात. पण इथे मला मुख्यतः वादळांबद्दल सांगायचं आहे. कारण सरोवराला समुद्राचा धाकटा भाऊ समजण्याची जी चूक होते, ती वादळातच सगळ्यात महागात पडली.

लाट लहान, पण उभी

महासागरात वारा हजारो किलोमीटर पाण्यावरून वाहत येतो. लाटांना वाढायला जागा मिळते, त्या लांब होतात, आणि एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत साधारण दहा-पंधरा सेकंद जातात. जहाज अशा लाटेवर चढतं, उतरतं, सावरतं. सरोवरात वाऱ्याला धाव घ्यायला शे-पाचशे किलोमीटरच मिळतात. तिथली लाट महासागरातल्या लाटेएवढी उंच होत नाही, पण ती आखूड असते, उभी असते, आणि पहिलीतून जहाज वर येतंय तोच दुसरी येऊन आदळते. साधारण सहा-आठ सेकंदांच्या अंतरानं, तासन् तास.

त्यातच या जहाजांचा आकार. सरोवरावरची मालवाहू जहाजं लांबलचक आणि अरुंद असतात. कारण लॉकच्या हौदात मावेल तेवढंच जहाज बांधता येतं, आणि जास्त माल न्यायचा तर रुंदी वाढवता येत नाही म्हणून लांबी वाढवायची. एडमंड फिट्झजेराल्ड हे सगळ्यांत प्रसिद्ध जहाज २२२ मीटर लांब होतं आणि रुंदीला जेमतेम २३ मीटर. असं जहाज आखूड लाटांत सापडलं की कधी त्याची दोन टोकं दोन माथ्यांवर टेकतात आणि मधला भाग लोंबकळतो, दोन दगडांवर ठेवलेल्या फळीसारखा. दुसऱ्याच क्षणी मधोमध लाट येते आणि टोकं अधांतरी राहतात. पोलाद वर-खाली वाकत राहतं. पोलाद थोडं वाकावं अशीच त्याची रचना असते, पण त्यालाही मर्यादा आहे.

गोड्या पाण्याचा आणखी एक गुण इथे आड येतो. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. म्हणून तेच जहाज, तोच माल घेऊन, गोड्या पाण्यात थोडं जास्त खोल बसतं. समुद्रात जाणाऱ्या जहाजांच्या बाजूला माल किती भरायचा हे दाखवणाऱ्या रेघा असतात, त्यांत गोड्या पाण्याची रेघ म्हणूनच वेगळी काढलेली असते.

आणि चौथी गोष्ट, माझ्या मते सगळ्यांत घातक : पळायला जागा नाही. भर समुद्रात वादळ आलं तर कप्तान तोंड वाऱ्याकडे करून दोन दिवस काढू शकतो, किनारा शेकडो मैल लांब असतो. सरोवरात वारा तुम्हाला काही तासांत खडकांवर नेऊन टाकतो. किनारा दिसत नाही, पण तो कायम जवळ असतो.

ईरी सरोवराची तऱ्हा अजून वेगळी. ते उथळ आहे, सरासरी खोली फक्त १९ मीटर. लांबीच्या दिशेनं जोरदार पश्चिमेचा वारा सुटला की सगळं पाणीच पूर्वेकडे ढकललं जातं. एका टोकाला टोलेडोचा तळ उघडा पडू लागतो आणि दुसऱ्या टोकाला बफेलोत पाणी चढतं. दोन टोकांत दोन मीटरहून जास्त फरक पडू शकतो. ऑक्टोबर १८४४ मध्ये असंच पाणी रात्री बफेलो शहरात घुसलं आणि ७८ माणसं बुडाली.

नोव्हेंबर

या सरोवरांवर नोव्हेंबर हा शब्द खलाशी जपून उच्चारतात. उन्हाळाभर तापलेलं एवढं प्रचंड पाणी हवेपेक्षा सावकाश थंड होतं. नोव्हेंबरात ते अजून उबदार असतं, आणि उत्तरेकडून ध्रुवीय प्रदेशाची कोरडी थंड हवा खाली उतरायला लागलेली असते. त्याच सुमारास नैऋत्येकडून कमी दाबाचे पट्टे येतात. थंड आणि उबदार हवेची टक्कर नेमकी या पाण्यावर होते, पाणी तिला वाफ आणि उष्णता पुरवतं, आणि वादळ बघता बघता जोर धरतं. वरून बर्फ पडतं, खालून उडालेलं पाणी डेकवर गोठतं. गोठलेल्या पाण्याचं वजन वाढत जातं आणि तेही सगळं वरच्या बाजूला, म्हणजे जहाजाचा तोल बिघडवणाऱ्या जागी.

मग नोव्हेंबरात जहाजं बाहेर काढायचीच कशाला? कारण डिसेंबर-जानेवारीत लॉक बंद होतात, पाणी गोठतं, आणि वसंतापर्यंत धंदा बंद. कारखान्यांना हिवाळाभर पुरेल इतकं खनिज त्याआधी पोचवायचं असतं. मोसमातली शेवटची फेरी म्हणजे मालकाला नफा, कप्तानाला शाबासकी, खलाशाला घरी न्यायला जास्तीचे पैसे. ज्या फेऱ्या बुडाल्या त्यांतल्या किती या शेवटच्या ‘एवढी एकच’ फेऱ्या होत्या हे पाहिलं की जीव हळहळतो. वादळाला आपण निसर्गाचा कोप म्हणतो, पण त्या वादळात जहाज पाठवण्याचा निर्णय माणसांनी हिशोबाच्या वहीवर घेतलेला असतो.

७ ते १० नोव्हेंबर १९१३ या चार दिवसांत हे सगळं एकाच वेळी घडलं. दोन वादळं सरोवरांवर एकत्र आली. १२ जहाजं बुडाली, त्यांतली ८ एकट्या ह्युरॉनवर, आणि २५० हून जास्त माणसं गेली. बुडालेली सगळीच जुनी खटारा जहाजं नव्हती. काही अगदी नवी, पोलादी होती. चार्ल्स एस. प्राइस हे त्यांतलं एक. वादळानंतर ते कित्येक दिवस तळ वर करून उलटं तरंगत होतं आणि ते नक्की कोणतं जहाज आहे हेसुद्धा कुणाला कळेना. शेवटी पाणबुड्यानं खाली उतरून नाव वाचलं. हेन्री बी. स्मिथ हे दुसरं. ९ नोव्हेंबरला वारा जरा पडल्यासारखा वाटला म्हणून ते सुपीरियरच्या काठावरच्या मार्केट नावाच्या बंदरातून खनिज घेऊन निघालं. बंदरातल्या लोकांनी पाहिलं तेव्हा खलाशी अजून मालाच्या कोठ्यांची झाकणं बंदच करत होते. पुढे जहाज सापडलं ते थेट २०१३ मध्ये, शंभर वर्षांनी, मार्केटपासून फार लांब नाही अशा ठिकाणी.

पोलाद तुटण्याबद्दल वर लिहिलं, त्याचं उदाहरण डॅनिएल जे. मॉरेल. १९०६ चं जहाज, साठ वर्षं राबलेलं. त्या काळचं पोलाद थंडीत ठिसूळ होई. २९ नोव्हेंबर १९६६ च्या पहाटे ह्युरॉन सरोवरात ते मधोमध मोडलं. पुढच्या भागातली माणसं तराफ्यावर चढून बसली. अंधारात त्यांना एक जहाज जवळ येताना वाटलं आणि क्षणभर आशा वाटली. तो त्यांच्याच जहाजाचा मागचा अर्धा भाग होता. इंजिन त्या भागात होतं आणि ते अजून चालूच होतं. दिवे लागलेला तो अर्धा भाग त्यांच्या जवळून तसाच पुढे निघून गेला. त्याचे अवशेष पुढच्या भागापासून सुमारे आठ किलोमीटरवर सापडले. २९ जणांपैकी डेनिस हेल हा एकच खलाशी वाचला. तराफ्यावर, आतले कपडे, वरून एक जाड कोट आणि जीवरक्षक जाकीट एवढ्यावर, शेजारी तीन सोबत्यांचे मृतदेह, अशा अवस्थेत त्यानं जवळपास ३८ तास काढले. काळ आला होता पण वेळ आली नव्हती असं आपण सहज म्हणून जातो; त्या माणसाच्या बाबतीत ते शब्दशः खरं ठरलं. आणि मॉरेल बेपत्ता आहे हे किनाऱ्यावर लक्षात यायला दुसरा दिवस उजाडला.

फिट्झजेराल्ड

एडमंड फिट्झजेराल्ड १९५८ मध्ये पाण्यात उतरलं तेव्हा सरोवरांवरचं सगळ्यांत मोठं जहाज होतं. ९ नोव्हेंबर १९७५ ला ते विस्कॉन्सिनमधल्या सुपीरियर बंदरातून सुमारे २६,००० टन लोह-खनिजाच्या गोळ्या घेऊन डेट्रॉइटजवळच्या पोलाद कारखान्याकडे निघालं. कप्तान अर्नेस्ट मॅकसॉर्ली, मुरलेला माणूस. मागून काही अंतरावर आर्थर एम. अँडरसन हे जहाज येत होतं, त्याचे कप्तान बर्नी कूपर. वादळाचा इशारा मिळाल्यावर दोघांनी उत्तरेकडची, कॅनडाच्या किनाऱ्याचा आडोसा देणारी वाट धरली.

१० तारखेच्या दुपारी साडेतीनच्या सुमारास मॅकसॉर्लीनी रेडिओवर कळवलं की डेकचा कठडा पडलाय, हवा खेळती ठेवणारी दोन नळकांडी गेली आहेत, आणि जहाज एका बाजूला कलतंय. पंप चालू होते. थोड्या वेळानं दोन्ही रडार बंद पडले. तेवढ्यात सुपीरियर सरोवराच्या पूर्व टोकाकडच्या व्हाइटफिश पॉइंटचा दिवा आणि रेडिओ संकेतही वादळानं बंद पाडले होते. म्हणजे आडोशाची खाडी जवळ आलेली, पण ती दाखवणारं काहीच नाही. अँडरसन मागून आपल्या रडारवर पाहून त्यांना वाट सांगत होतं. लाटा साडेसात मीटरपर्यंत, काही त्याहून मोठ्या. सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास अँडरसनवरून विचारलं, अडचणींचं काय झालं? उत्तर आलं, आम्ही तग धरून आहोत. तेवढंच. काही मिनिटांत रडारच्या पडद्यावरून जहाज नाहीसं झालं. मदतीची हाक नाही, काही नाही. २९ जण होते, एकही वाचला नाही, एकाचाही देह हाती लागला नाही.

अँडरसन तोवर सुखरूप खाडीत पोचलं होतं. तटरक्षक दलानं विचारलं, परत जाऊन शोध घ्याल का? आणि कूपर तसंच जहाज फिरवून त्या वादळात परत गेले. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत जास्त हलवून जातं ते हे. त्यांना दोन फाटक्या जीवनौका आणि किरकोळ सामान सापडलं.

जहाज १६० मीटर खोलीवर दोन तुकड्यांत पडलंय. पुढचा भाग सरळ, मागचा उलटा. ते का बुडालं यावर पन्नास वर्षं वाद आहे. तटरक्षक दलाच्या चौकशीत निष्कर्ष निघाला की कोठ्यांची झाकणं नीट बंद नसावीत आणि तिथून पाणी शिरत गेलं असावं. जहाजाला अशी २१ झाकणं होती आणि प्रत्येकाला ६८ पकडी. म्हणजे चौदाशेच्या वर पकडी, हातानं घट्ट करायच्या, गारठ्यात. जहाजमालकांच्या संघटनेला हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते कॅरिबू बेटाजवळच्या उथळ खडकाळ जागेवर जहाज घासलं आणि तळाला चीर गेली.

एकच एक कारण शोधण्याचा हट्ट जरा बाजूला ठेवला तर काही गोष्टी वादापलीकडच्या आहेत. एक, जहाज बांधलं तेव्हा जेवढा माल भरायची परवानगी होती, त्यापेक्षा नंतरच्या नियमांनी ते सुमारे एक मीटर जास्त खोल बसू दिलं गेलं होतं. डेक आणि पाण्यातलं अंतर तेवढं घटलं. दोन, मालाच्या कोठ्यांमधल्या भिंती पाणी अडवणाऱ्या नव्हत्या. एका कोठीत शिरलेलं पाणी सगळीकडे पसरू शकत होतं. तीन, पाण्याची खोली मोजणारं यंत्र जहाजावर नव्हतं. कोठीत खनिजाच्या ढिगाखाली पाणी साठत असेल तर ते दिसतही नाही. जहाज आतल्या आत जड होत गेलं असावं आणि मॅकसॉर्लीना शेवटपर्यंत अंदाज आला नसावा, हे मला सर्वांत पटतं. नंतर मोठ्या जहाजांना खोलीमापक यंत्र आणि गार पाण्यात जीव तगवणारे पोशाख सक्तीचे झाले. तेव्हापासून आजवर या सरोवरांवर एकही मोठं मालवाहू जहाज असं बुडालेलं नाही. हवामानाचे अंदाज सुधारले हे खरं, पण आता वादळात जहाजं नांगर टाकून थांबतात, हेही तितकंच खरं.

देह का सापडले नाहीत, याचं कारण साधं आणि कठोर आहे. माणूस बुडाला की काही दिवसांनी शरीरातल्या जिवाणूंमुळे वायू तयार होतो आणि देह वर येतो. सुपीरियरच्या तळाशी पाणी बारा महिने साधारण ४ अंशांवर असतं. तिथे ते जिवाणू कामच करू शकत नाहीत. बुडालेला माणूस खालीच राहतो. म्हणून नातेवाइकांच्या दृष्टीनं ती जागा दफनभूमीच आहे. त्यांच्या विनंतीवरून १९९५ मध्ये जहाजाची घंटा वर काढली गेली आणि २९ नावं कोरलेली दुसरी घंटा तिच्या जागी ठेवली गेली. मूळ घंटा आज व्हाइटफिश पॉइंटच्या संग्रहालयात आहे. ऑन्टारिओ प्रांताच्या परवान्याशिवाय आता त्या जागी कुणाला उतरता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

तळाशी काय उरतं

जी थंडी देह वर येऊ देत नाही, तीच जहाजंही टिकवते. समुद्रात लाकडाचा मोठा शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. दिसायला अळीसारखा, प्रत्यक्षात शिंपल्याच्या कुळातला. कोकण किनाऱ्यावर ज्यांच्या लाकडी होड्या आहेत त्यांना हा उपद्रव चांगला माहीत असतो. पाण्याखाली गेलेलं जहाज तो काही दशकांत चाळण करून टाकतो. या किड्याला खारट पाणी लागतं. गोड्या पाण्यात तो जगत नाही. शिवाय मीठ नसल्यानं लोखंडही सावकाश गंजतं. खोलवर अंधार, थंडी, प्रवाह कमी. त्यामुळे दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचं लाकडी जहाज डोलकाठ्यांसकट उभंच्या उभं सापडतं, हे जगात फार थोड्या ठिकाणी शक्य आहे.

अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातल्या १८१२ च्या युद्धात, १८१३ साली, ऑन्टारिओ सरोवरात हॅमिल्टन आणि स्कर्ज ही दोन लहान लढाऊ जहाजं रात्रीच्या अचानक आलेल्या वावटळीत उलटून बुडाली. व्यापारी जहाजांवर तोफा चढवून ती लढाऊ केलेली होती, त्यामुळे वरचा भार जास्त झालेला. १९७३ मध्ये ती ९० मीटर खोलीवर सापडली. तोफा जागच्या जागी, आणि हॅमिल्टनच्या पुढच्या टोकावर कोरलेली डायना देवी तशीच.

राउझ सिमन्स हे शिडाचं जहाज दर वर्षी नाताळासाठी मिशिगनच्या उत्तरेकडून झाडं घेऊन शिकागोला यायचं. कप्तान हर्मन शूनेमन क्लार्क स्ट्रीटच्या पुलाजवळ जहाज लावून तिथूनच झाडं विकत. नोव्हेंबर १९१२ मध्ये जहाज वादळात गेलं. १९२४ मध्ये मासेमारीच्या जाळ्यात कप्तानाचं पाकीट आलं. मेणकापडात गुंडाळलेलं असल्यामुळे आतले कागद शाबूत होते. कप्तानाच्या बायकोनं आणि मुलींनी तो झाडांचा धंदा पुढे चालवला. १९७१ मध्ये जहाज सापडलं, तेव्हा कोठीत झाडं होती.

पण एकच अवशेष दाखवायचा झाला तर मी आयर्नटन दाखवीन. २६ सप्टेंबर १८९४ च्या मध्यरात्रीनंतर एक आगबोट दोन शिडाची जहाजं दोरानं ओढत ह्युरॉन सरोवरातून चालली होती. आगबोटीचं इंजिन बंद पडलं. मागून वाऱ्यानं दोन्ही जहाजं तिच्यावर येऊ लागली, म्हणून पुढच्या जहाजानं मागच्या आयर्नटनचा दोर तोडला. अंधारात, शिडं सावरता सावरता आयर्नटन भरकटलं आणि समोरून धान्य घेऊन येणाऱ्या ओहायो या जहाजावर आदळलं. ओहायोवरचे सगळे वाचले. आयर्नटनचे सात जण आपल्या जीवनौकेत उतरले. त्या गोंधळात नौकेला जहाजाशी बांधणारा दोर सोडायचा राहिला. जहाज खाली जाऊ लागलं आणि त्यानं नौकेलाही खाली खेचलं. पाच जण बुडाले, दोघं तरंगत्या सामानाला धरून वाचले, आणि ही हकिगत त्यांच्यामुळे कळली.

२०१९ मध्ये बुडालेल्या जहाजांच्या जतनासाठी राखलेल्या थंडर बे सागरी अभयारण्याच्या संशोधकांनी ते जहाज शोधलं आणि २०२३ मध्ये जाहीर केलं. तिन्ही डोलकाठ्या उभ्या आहेत. आणि मागच्या बाजूला ती लहानशी नौका, अजूनही त्याच दोरानं बांधलेली. वाचलेल्या खलाशांनी सांगितलेलं सव्वाशे वर्षांनी अक्षरशः डोळ्यांनी पाहता आलं. लिखित इतिहास आणि तळावरची वस्तू एकमेकांना इतकी नेमकी दुजोरा देतात, असं क्वचितच घडतं.

शिनाणे

हे सगळं आता धोक्यात आहे, आणि धोका आला तो जहाजांतूनच. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्स जलमार्ग पूर्ण झाला आणि महासागरातली मोठी जहाजं थेट सरोवरांत येऊ लागली. रिकामं जहाज तोल सांभाळण्यासाठी टाक्यांत पाणी भरतं आणि माल घेताना ते ओतून देतं. काळ्या समुद्राच्या भागातून आलेल्या अशा पाण्यातून दोन परके जीव उतरले : झेब्रा आणि क्वॅगा या जातींचे शिंपले. आपल्याकडे कोकण-गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात, त्यांच्यासारखे दिसणारे, पण नखाएवढे. झेब्रा १९८८ च्या सुमारास सापडला, क्वॅगा लगेच मागोमाग. झेब्रा उथळ पाण्यात, कडक पृष्ठभागावर राहतो. क्वॅगा मात्र शंभर मीटरच्याही खाली, गारठ्यात, चिखलावरसुद्धा वाढतो. मिशिगन सरोवरात आता त्याचंच राज्य आहे.

तो चिवट धाग्यांनी लाकडाला चिकटतो, एकावर एक थर चढतात, आणि दीडशे वर्षं उभं असलेलं जहाज त्या वजनानं कोसळतं. लोखंडी जहाजांवर थराखाली गंज वाढतो. कोरीव काम, नावाच्या पाट्या, सगळं झाकलं जातं. आणखी एक परिणाम असा की हे शिंपले पाणी गाळून घेतात. पाणी इतकं स्वच्छ झालंय की काही उथळ अवशेष विमानातूनही दिसतात. अवशेष शोधणं सोपं झालं, पण जे सापडतं ते शिंपल्यांनी मढलेलं.

सुपीरियर अजून बऱ्यापैकी वाचलंय, कारण तिथल्या पाण्यात कॅल्शियम कमी आहे आणि शिंपल्याला कवच बांधायला ते लागतं. म्हणून संशोधकांनी वेळ आणि पैसा आधी मिशिगन आणि ह्युरॉनमधल्या लाकडी जहाजांवर लावावा असं मला वाटतं. ती वर काढण्यात अर्थ नाही. हवा लागली की भिजलेलं लाकूड सुकून फाटतं, आणि टिकवायचं तर वर्षानुवर्षं रासायनिक उपचार लागतात. त्यांची जागच्या जागी नोंद करणं हाच खरा उपाय आहे. हजारो छायाचित्रं जोडून प्रत्येक जहाजाची त्रिमितीय प्रतिमा बनवता येते, आणि हे काम थंडर बे इथे, तसंच विस्कॉन्सिनच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये घोषित झालेल्या अभयारण्यात चालू आहे. तिथल्या अवशेषांवर कुणीही उतरू शकतं, मात्र वस्तू उचलायची नाही असा नियम आहे.

तिकडे राहणाऱ्या किंवा मुलांकडे जाणाऱ्या वाचकांसाठी एक सूचना. मिशिगन राज्यात अल्पेना नावाचं गाव आहे. उन्हाळ्यात तिथून काचेच्या तळाची बोट सुटते आणि उथळ पाण्यातली जुनी जहाजं पायाखाली पाहता येतात. पोहायला यायची गरज नाही. डेट्रॉइटमध्ये बेल आइलवरच्या डॉसिन संग्रहालयात फिट्झजेराल्डचा एक नांगर ठेवलेला आहे. बुडण्याच्या आदल्या वर्षी तो डेट्रॉइट नदीत तुटून पडला होता, नंतर वर काढला. आणि शक्य झालं तर १० नोव्हेंबरला व्हाइटफिश पॉइंटला जा. त्या संध्याकाळी तिथे २९ नावं वाचली जातात, आणि मग तिसाव्यांदा घंटा वाजते ती या सरोवरांत गेलेल्या बाकी सगळ्यांसाठी.